बाई शाळा सोडून जातात तेव्हा

मैत्रिणींनो, आज एक साधा प्रश्न विचारते. तुमच्या मुलांच्या शाळेतल्या मुख्याध्यापिका बाई कोणत्या तारखेला निवृत्त होणार, ठाऊक आहे का तुम्हाला? बहुतेक नसेलच. मग मी एक अंदाज सांगते. बाईंनी पन्नाशी ओलांडली असेल, तर ती तारीख ३१ मे असण्याचा संभव बराच आहे.

यात ज्योतिष काही नाही, बरं का. पन्नास-साठ वर्षांपूर्वी जन्मतारीख लिहून ठेवायची पद्धत घरोघरी नव्हती. ‘पूर आला त्या साली झाली’, ‘थोरल्याच्या पाठीवर दोन वर्षांनी’, अशा खुणांवर वय मोजायचं. मूल शाळेत घालायला आणलं की गुरुजी त्याला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावत. कान हाती लागला की मूल शाळेच्या वयाचं! आणि रजिस्टरात तारीख पडे १ जून. शाळा जूनमध्ये सुरू होणार, तेव्हा वयाचा हिशेब सोपा. एका पिढीतल्या कितीतरी माणसांचा वाढदिवस त्यामुळे एकाच दिवशी येतो.

आता पुढचा हिशेब बघा. खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी १९८१ ची सेवानियमावली आहे. तिच्याप्रमाणे शिक्षक ५८ वर्षं पूर्ण झाली की त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतात. जन्म महिन्याच्या एक तारखेचा असेल, तर आदल्या महिन्याच्या अखेरीस. म्हणजे १ जूनवाल्या सगळ्यांची पाठवणी ३१ मेला.

आणि ३१ मेला शाळेत असतं कोण? निकाल १ मेच्या सुमारास लागून गेलेला. पोरं मामाच्या गावाला. शाळा भरणार जूनच्या मध्यावर, विदर्भात तर उन्हामुळे आणखी काही दिवसांनी. बाकं एकावर एक रचलेली, खिडक्या बंद. अशा शाळेत एका वर्गातला पंखा सुरू करून दहा-बारा माणसं बसतात. संस्थेचे पदाधिकारी येतात, शाल येते, श्रीफळ येतं, भाषणं होतात, समोसा आणि चहा होतो. ज्या मुलांसाठी बाईंनी उमर घालवली, त्यांतलं एकही तिथं नसतं. नवरीमुलीवाचून लग्न लावल्यासारखंच की हे!

मी एका शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. सकाळचे चार तास शाळा, मग घर, असा माझा दिवस. आमच्या मुख्याध्यापिका बाई २०२३ साली अशाच ३१ मेला निवृत्त व्हायच्या होत्या. १९८९ साली त्या शाळेत लागल्या, ३४ वर्षांची नोकरी, शेवटची सात वर्षं मुख्याध्यापिका. त्यांच्या निरोप समारंभाच्या तयारीत जे काही झालं, ते तुम्हाला सांगण्यासारखं आहे असं मला वाटतं. कारण आज ना उद्या तुमच्याही शाळेत हा प्रसंग येणार, आणि तुम्ही पालक म्हणून तिथं असाल. कदाचित बाई तुमच्याच घरातल्या असतील. सासूबाई म्हणा, आई म्हणा, नणंद म्हणा.

पहिला प्रश्न तारखेचा होता. कागदोपत्री निवृत्ती ३१ मेलाच होणार, त्यात बदल नाही. पण निरोप त्याच दिवशी द्यावा असा काही नियम नाही ना? मग आम्ही एप्रिलच्या आरंभीचा, परीक्षेच्या आधीचा शनिवार धरला. एकदोघांनी नाकं मुरडली. ‘परीक्षा तोंडावर आली असताना?’ ‘जायच्या दोन महिने आधीच निरोप? बाईंना काय वाटेल?’ पण नशीब आमचं, की आम्ही तो दिवस धरला. त्या वर्षी उन्हाचा कडाका एवढा वाढला, की सरकारनं २१ एप्रिलपासूनच शाळांना सुट्टी जाहीर केली. थांबलो असतो तर मुलं हातची गेलीच असती.

दुसरा प्रश्न मात्र तारखेसारखा सोपा नव्हता. तो होता ओटीचा.

आमच्या बाईंचे मिस्टर २०१२ साली गेले. तेव्हापासून शाळेत संक्रांतीला आयांचा मेळावा आणि हळदीकुंकू असलं, की बाई दारात उभ्या राहून सगळ्यांचं हसतमुखानं स्वागत करत, आणि कुंकवाचं तबक बाहेर आलं की ‘जरा काम आहे’ म्हणून ऑफिसात जाऊन बसत. अकरा वर्षं हे असंच चाललं होतं. कुणी त्यांना जा म्हणालं नाही, पण थांबा असंही कुणी म्हणालं नाही. आपल्याकडे पुष्कळ गोष्टी अशाच चालतात. बोलायचं काहीच नाही, आणि समजून मात्र सगळ्यांनी घ्यायचं.

आता निरोपाच्या वेळी काय करायचं? यापूर्वी निवृत्त झालेल्या प्रत्येक बाईंची आम्ही साडी-चोळी देऊन ओटी भरली होती. शिक्षकांच्या खोलीत कुजबुज सुरू झाली. एक म्हणाली, ‘शाल-श्रीफळ देऊ या, ओटीचं नाव काढू नका.’ दुसरी म्हणाली, ‘आपण आता कुणाचीच ओटी भरू नये, म्हणजे प्रश्नच मिटला.’ तिसरी म्हणाली, ‘भरली तर त्यांनाच अवघडल्यासारखं होईल.’ त्यावर आमच्यातल्या एका जुन्या बाई जे बोलल्या ते माझ्या मनात घर करून बसलंय. त्या म्हणाल्या, ‘अगं, नारळ तर तोच! अध्यक्षांच्या हातून दिला की श्रीफळ, आणि आपल्या हातून पदरात घातला की ओटी. अध्यक्षांनी दिलेला चालतो, मग आपण दिलेला का चालू नये?’

खोलीत कुणाला काही उत्तर सुचेना.

खरं सांगायचं तर शाळेच्या आवारात तरी हा प्रश्न पडायलाच नको. आपल्या महाराष्ट्रात बायका शिक्षिका झाल्या, त्या वाटेवरून पहिल्यांदा चालत गेलेल्यांत विधवा किती होत्या, आठवून बघा. महर्षी कर्व्यांनी १८९६ साली पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला, तो पुढे हिंगण्याला नेला. तिथं शिकून कितीतरी जणी शिक्षिका झाल्या, स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या. कोसबाडच्या अनुताई वाघ लहानपणीच विधवा झालेल्या. आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवण्यात त्यांनी आयुष्य वेचलं, आणि १९८५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ज्या व्यवसायाचा पाया अशा बायकांनी घातला, त्याच व्यवसायात आयुष्य घालवलेल्या बाईला आपण तबक आलं की ऑफिसात पाठवतो!

शिवाय काळही काही थांबलेला नाही. आमच्या समारंभाच्या आदल्याच वर्षी, म्हणजे २०२२ च्या मे महिन्यात, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावच्या ग्रामपंचायतीनं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढून घेणं या प्रथा बंद करायचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनीही हा कित्ता गिरवावा असं सुचवलं. एका गावाला जे सुचलं ते शहरातल्या शिकल्यासवरलेल्या शिक्षिकांना सुचू नये?

पण मैत्रिणींनो, इथं एक काळजी घ्यायला हवी. आपण सुधारक झालो म्हणून समोरच्या बाईला न विचारता तिच्या कपाळाला बोट लावायचं, हेही बरोबर नाही. तिला सगळ्यांच्या देखत हो किंवा नाही म्हणायची पाळी आणायची, हा दुसऱ्या तऱ्हेचा जुलूमच झाला. तेव्हा आमच्या त्या जुन्या बाई एक दिवस मधल्या सुट्टीत सरळ ऑफिसात गेल्या आणि दार लोटून त्यांनी विचारलं, ‘बाई, तुमची ओटी भरावी अशी आमची इच्छा आहे. चालेल का तुम्हाला? नको असेल तर तसं सांगा, आम्हाला वाईट वाटणार नाही.’

बाई थोडा वेळ हातातल्या रजिस्टरची पानं चाळत राहिल्या म्हणे. मग म्हणाल्या, ‘मुलगी माहेराहून निघाली की ओटी भरतात ना? मग भरा की. मी माहेराहूनच निघाले आहे.’

समारंभ सकाळी शाळेच्या पटांगणात झाला. ओटी भरली ती आमच्या पोषण आहाराची खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी. त्यांच्या तिन्ही मुली याच शाळेत शिकल्या. सगळं गोडीगुलाबीनं झालं असं मात्र मी म्हणणार नाही. आमच्यातल्या एक ज्येष्ठ बाई त्या वेळी खुर्चीवरून उठल्या नाहीत, आणि आयांपैकी काहीजणी एकमेकींकडे बघत राहिल्या. पण पुढच्या रांगेतल्या मुली बघत होत्या. त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही, बाईंची ओटी भरली एवढंच त्यांनी पाहिलं. मला वाटतं, सगळ्यात मोठा फरक पडला तो इथंच.

आता भेटीचं सांगते. निवृत्त होणाऱ्या शिक्षिकेच्या कपाटात शाली किती असतात याची मोजदाद कुणी करत नाही. आमच्याकडे नववीच्या मुलांनी एक भेट तयार केली, ती बाकी सगळ्या भेटींहून सरस ठरली. त्यांनी बाईंना ‘शाळा सोडल्याचा दाखला’ दिला!

तुम्ही आपापल्या मुलांचे दाखले पाहिले असतीलच. नाव, आईचं नाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, पूर्वीची शाळा, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडण्याचं कारण, शेरा. बाईंनी असे दाखले सही करून हजारोंनी दिले असतील. पण त्यांना स्वतःला जाताना कोण देणार? आमचे लिपिक भाऊसाहेब आधी घाबरले, छापील नमुना असा वापरता येत नाही म्हणाले, आणि ते खरंच आहे. म्हणून मुलांनी जाड पुठ्ठ्याच्या कागदावर स्वतःच रकाने आखले. आईच्या नावाच्या ओळीत बाईंच्या आईचं नाव हवं म्हणून एक मुलगी बाईंच्या बहिणीला फोन करून विचारून आली. ‘प्रगती’ पुढे लिहिलं, ‘समाधानकारक. परंतु सहीचे अक्षर सुधारावे.’ सगळी शाळा हसली, कारण बाईंची सही आजवर कुणालाच वाचता आलेली नाही. ‘वर्तणूक’ पुढे, ‘चांगली. रागावल्यावर पाच मिनिटांत विसरते.’ ‘शाळा सोडण्याचे कारण’ पुढे, ‘५८ वर्षे पूर्ण. दुसरे कोणतेही कारण नाही.’ आणि शेऱ्याच्या रकान्यात, ‘शाळा बंद असताना २०२० आणि २०२१ साली पुस्तके घेऊन आमच्या घरी आली होती.’

हा शेवटचा शेरा वाचून होईपर्यंत बाई हसत होत्या. मग त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

मैत्रिणींनो, या दाखल्यात आणि नेहमीच्या निरोपाच्या भाषणांत फरक काय, तो ध्यानात घ्या. नेहमीची भाषणं ऐकली की निरोप समारंभ आहे की शोकसभा, तेच कळत नाही. ‘कधीही भरून न येणारी पोकळी’, ‘अत्यंत मनमिळाऊ स्वभाव’, ‘ज्ञानाचा अखंड नंदादीप’! नाव बदललं की तेच भाषण पुढच्या वर्षी दुसऱ्या बाईंना चालतं. मुलांचा दाखला मात्र दुसऱ्या कुणालाही देता आला नसता. तेव्हा तुमच्यावर पालकांच्या वतीनं बोलायची पाळी आली, तर तीनच मिनिटं बोला. बाईंनी केलेली एकच गोष्ट सांगा, पण ती अमुक दिवशी, अमुक मुलासाठी केलेली, अशी खरीखुरी सांगा. ‘माझ्या मुलाला गणिताची धास्ती होती, बाईंनी महिनाभर त्याला मधल्या सुट्टीत बसवून घेतलं,’ एवढं सांगितलंत तरी पुष्कळ. विशेषणं घरी ठेवून या.

वर्गणीचंही एक सांगून टाकते. मुलांकडून सक्तीनं पैसे गोळा करू नयेत. पाचशे रुपये देणाऱ्या घराचं आणि दहा रुपये देणाऱ्या घराचं मूल एकाच वर्गात बसतं, आणि यादी भिंतीवर लागली की त्याला ते कळतं. त्यापेक्षा प्रत्येक वर्गानं एकेक पान लिहावं, चित्र काढावं, त्यांची वही शिवून द्यावी. खर्च दोऱ्याचा आणि पुठ्ठ्याचा. खाऊ द्यायचाच असेल तर आयांनी वाटून घेऊन घरून चिवडा आणि रव्याचे लाडू करून आणावेत. लाडू चार दिवस टिकतो, उन्हात खराब होत नाही, आणि वेफर्सच्या पुड्यांचा कचरा पटांगणभर उडत नाही.

आता बाई स्वतः काय बोलल्या ते ऐका.

त्या दहा-बारा मिनिटंच बोलल्या. आधी आभार मानले, पण पदाधिकाऱ्यांपासून सुरुवात केली नाही. पहाटे फाटक उघडणारे शिपाई मामा, स्वच्छतागृहं धुणाऱ्या ताई, खिचडीच्या मावशी, अशी नावं घेत घेत त्या वर आल्या. मग आयांकडे वळून म्हणाल्या, की प्रगतिपुस्तकावर सही तुम्ही करा. ‘ह्यांना दाखवते, ते करतील’ असं म्हणू नका. सही येत असून मागे राहणारी आई मुलीला काय शिकवणार?

आणि मग त्यांनी एक वही वर धरली. साधी दोनशे पानी, खाकी वेष्टणाची. म्हणाल्या, ‘मी काय काय केलं ते तुम्ही सांगितलंत. माझ्याकडून काय राहिलं ते या वहीत आहे. ही मी नव्या मुख्याध्यापिका बाईंना देणार आहे.’

त्यात काय आहे ते त्यांनी थोडक्यात सांगितलं, मुलांची नावं मात्र ध्वनिक्षेपकावरून घेतली नाहीत. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या एका दाराची कडी नीट लागत नाही, आणि त्यामुळे काही मुली दिवसभर पाणी पीत नाहीत. शाळा बंद होती त्या काळात वाचन सुटलेली मुलं आता वरच्या वर्गांत आहेत आणि अजून जोडाक्षरांना अडखळतात. आणि आदल्या वर्षी दहावी पास झालेल्या चार मुली पुढे कुठंच गेल्या नाहीत, त्यांच्या घरी जाऊन यायचं राहिलं आहे. दोघींच्या लग्नाचं घरात बोलणं चालू आहे, आणि त्यांना अठरावं अजून लागलेलंही नाही.

पटांगणात आई-बाप बसले होते. शेवटचं वाक्य ऐकून जी शांतता झाली, ती टाळ्यांपेक्षा जास्त बोलकी होती.

बोलून झाल्यावर बाईंनी एकच मागणं मागितलं. ‘३४ वर्षं या घंटेवर उठले-बसले, एकदाही स्वतः वाजवली नाही. आज मला वाजवू द्या.’ मामांनी टोल त्यांच्या हाती दिला. बाईंनी शाळा सुटल्याची घंटा दिली, आणि मुलं सवयीनं ओरडत पळाली. निरोप असा असावा, नाही का?

ती वही माझ्या मनातून जात नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची गोष्ट यासाठीच आठवते. ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं, तेव्हाच अनुताई त्यांच्याबरोबर आल्या. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. १९७३ साली ताराबाई गेल्या, पण काम थांबलं नाही. अनुताईंनी ते स्वतःच्या अखेरपर्यंत, १९९२ पर्यंत नेलं. माणूस जातं, पण काम पुढच्या हाती नीट दिलेलं असलं की ते जात नाही. आणि काम द्यायचं म्हणजे नुसत्या कपाटाच्या किल्ल्या आणि शिक्के द्यायचे नव्हेत. काय राहिलं, कुठं अडलं, कुणाकडे लक्ष ठेवायचं, हे सांगायचं. आपण सुना-मुलींच्या हाती घर देतो तेव्हाही असंच असतं ना? डबे कुठं आहेत ते चार दिवसांत कळतं. कुणाला रात्री झोप लागत नाही, कुणाला विचारल्याशिवाय भूक सांगता येत नाही, हे मात्र कुणीतरी सांगावंच लागतं.

वहीचं पुढे काय झालं, तेही सांगते. नव्या बाईंनी जूनमध्ये पहिल्याच आठवड्यात कडी बसवली. वाचनासाठी दोन आया आठवड्यातून दोन दुपारी येऊ लागल्या. चार मुलींपैकी दोघींना प्रवेश घेऊन देता आला, एकीला अकरावीला आणि एकीला आयटीआयला. तिसरीच्या घरच्यांनी कुणाचं ऐकलं नाही. चौथीचं कुटुंब गाव सोडून गेलं होतं, पत्ता लागला नाही. चारांतल्या दोघी. बाईंना फोनवर सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘तिसरीच्या घरी पुन्हा जा.’

आता थोडं घरातलं बोलू या. समारंभ झाला, हार वाळले, आणि १ जूनची सकाळ उजाडली. तीस-पस्तीस वर्षं पाचाला उठायची सवय. डोळे उघडतात, पण जायचं कुठं? नेमकं त्याच दिवशी घरातली माणसं म्हणतात, ‘बरं झालं, आता तुम्ही घरीच. बाळाला सांभाळायला बाई लावायला नको.’ ही गोष्ट आपण सुना आणि मुली बोलतो, बरं का, पुरुष नंतर. सासूबाई निवृत्त झाल्या म्हणजे बिनपगारी आया मिळाली, असं समजू नका. नातवंडं त्यांना प्यारीच असतात. पण आपणहून घेतलेलं मूल आणि गळ्यात घातलेलं मूल यांत फरक आहे. पहिले दोन-तीन महिने त्यांच्यावर कोणतंही नवं काम टाकू नये. सकाळचे ते शाळेचे तास त्यांचेच राहू द्यावेत. मग त्या वाचनालयात जावोत, पेटी शिकोत, नाहीतर नुसत्या गच्चीत बसोत.

कागदपत्रांकडे मात्र आपण लक्ष द्यावं. सेवापुस्तकाची एक प्रत निवृत्तीच्या आधीच मागून घरी ठेवावी, आणि त्यातलं नाव, जन्मतारीख, नेमणुकीची तारीख ओळीओळीनं तपासावी. लग्नाआधीचं आणि नंतरचं नाव वेगळं असलं की बायकांची कामं इथंच अडतात. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी लागलेल्यांची पेन्शन आणि त्यानंतर लागलेल्यांची योजना वेगवेगळी आहे, म्हणून नेमणुकीच्या तारखेला महत्त्व. नामनिर्देशन कुणाच्या नावे आहे ते पाहावं. जोडीदार हयात नसेल तर ते बदललं आहे ना, याची खात्री करावी. पेन्शन सुरू झाली की दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो. दिवाळीच्या फराळाच्या यादीखालीच तो लिहून ठेवा, म्हणजे विसरायचा नाही. आणि पेन्शनचं बँक पुस्तक त्यांच्याच पर्समध्ये राहू द्या. इतकी वर्षं शाळेचा हिशेब ठेवलेल्या बाईला घरखर्चाला पैसे मागायला लावू नका.

आलेल्या शालींचं काय करायचं, असंही पुष्कळजणी विचारतात. दोन-तीन आवडीच्या ठेवाव्यात. पातळ शाली दुहेरी करून, मधे जुनं मऊ लुगडं घालून धावदोरा घातला की बाळासाठी सुरेख दुपटं होतं. बाकीच्या थंडीच्या आधी गरजूंच्या हाती पोचवाव्यात. सुरतीत डांबरगोळ्या घालून वर्षानुवर्षं जपण्यात काय हशील?

तर मैत्रिणींनो, एक काम सांगते आणि थांबते. या आठवड्यात मुलांना आणायला शाळेत जाल, तेव्हा ऑफिसात डोकावून विचारा, ‘आमच्या बाई कधी निवृत्त होणार?’ ३१ मे म्हणाले तर कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करू नका. दोन महिने मागे या, आणि एप्रिलच्या आरंभीचा, परीक्षेआधीचा शनिवार धरून ठेवा. मुलं शाळेत असतील, असा.